डोळे मिटून ऐकायची सोय नव्हती

गाण्याच्या कार्यक्रमाची बातमी वर्तमानपत्रात येते तेव्हा तिच्याबरोबर दोन फोटो असतात. एकात गायक हात वर करून हवेतलं काहीतरी पकडत असतो. दुसऱ्यात श्रोते डोळे मिटून बसलेले असतात आणि खाली छापलेलं असतं, ‘तल्लीन झालेले रसिक’. अशा एका फोटोत मी आहे. आजूबाजूचे सगळे तल्लीन, आणि मधे मी एकटा टक्क उघड्या डोळ्यांनी, मांडीवरची रेक्झिनची पिशवी दोन्ही हातांनी धरून दाराकडं बघतोय. ते कात्रण आमच्या सौभाग्यवतीनं जपून ठेवलंय. पाहुणे आले की काढून दाखवते. “हे बघा आमचे हे. गाणं ऐकायलेत.”

त्याला कारण होतं. मी पिग्मी एजंट. बेळगावात पिग्मी म्हणजे काय हे पोरांनाही ठाऊक असतं, पण लांबच्या वाचकांसाठी सांगतो. रोज संध्याकाळी दुकानोदुकानी फिरून दहा-वीस-पन्नास रुपये गोळा करायचे, पावती फाडायची, दुसऱ्या दिवशी सोसायटीत भरणा करायचा. गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडेबाजार, मग शहापूर. गल्ला मोजल्याशिवाय दुकानदार पिग्मी देत नाही आणि आठ वाजल्याशिवाय गल्ला मोजत नाही. त्यामुळं कार्यक्रम साडेसहाचा असला तरी मी पोचायचो साडेआठला, दिवसभराच्या वसुलीसकट. आता तुम्हीच सांगा, बागेश्रीचा आलाप कितीही काळीज कापणारा असला तरी दुसऱ्याचे चार-पाच हजार मांडीवर असताना डोळे मिटतील काय? समेवर सगळ्यांच्या माना एकदम डुलायच्या, तेव्हा माझा हात एकदम पिशवीच्या चेनवर जायचा. शेजारच्याला वाटायचं, माणूस तालाचा पक्का आहे.

आमच्या भागात गाणं कळत नाही असं म्हणून सुटकाही करून घेता येत नाही. चहूबाजूंनी थोर गवयांचा वेढा पडलेला आहे. उत्तरेला मिरज, तिथं अब्दुल करीम खाँसाहेब. दक्षिणेला धारवाड, म्हणजे मल्लिकार्जुन मन्सूर. हुबळीला गंगूबाई, पलीकडं कुंदगोळला सवाई गंधर्व, गदगला भीमसेन. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर तर आमच्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. मिरजेच्या गाडीत बसलात की सांबऱ्याच्या पुढं सुळेभावी येतं. कुमार गंधर्व 1924 साली तिथं जन्मले. गाडी थांबो न थांबो, डब्यातला कोणीतरी खिडकीबाहेर बोट करून हे सांगतोच. मी बेळगावजवळच्या येळ्ळूरचा, जन्म इथं गेला, तरी मलाही सांगतात. सांगणारा बहुधा मिरजेकडचा असतो आणि सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेहून परत चाललेला असतो. मी दरवेळी “होय काय?” म्हणतो. त्याचा आनंद कशाला घालवा?

त्याच 1924 च्या डिसेंबरात बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन झालं आणि अकरा वर्षांच्या गंगूबाईंनी तिथं स्वागतगीत म्हटलं. ही गोष्ट खरी. पण तेव्हापासून बेळगावातल्या प्रत्येक घरात असा एक आजोबा निघाला, जो त्या दिवशी मंडपात पहिल्या रांगेत बसला होता. एवढ्या सगळ्या आजोबांना बसवायचं म्हटलं असतं तर गांधीजींना उभं राहावं लागलं असतं. माझे आजोबा त्या डिसेंबरात येळ्ळूरच्या शिवारात भाताची मळणी करत होते हे आजीनं मला स्वतः सांगितलेलं आहे. पण म्हातारपणी त्यांनीही ते गाणं ऐकलं होतं.

माझं स्वतःचं पहिलं गाणं मात्र पक्कं आठवतं. जत्रेतलं संगीत नाटक. रात्री दहाला नांदी, समोर दोन गॅसबत्त्या, आणि नायिकेच्या कामाला आमच्या शाळेचे ड्रॉइंगचे सर. सरांचा आवाज गोड होता आणि एका वन्स मोअरवर त्यांचं भागत नसे. दुसऱ्या वन्स मोअरसाठी ते स्वतःच प्रेक्षकांकडं आशेनं बघत थांबायचे. नायक बिचारा हातात तलवार घेऊन ताटकळत उभा. पहाटे कधीतरी नायिकेचं लग्न लागायचं, तोवर निम्मा गाव पोत्यांवर आडवा झालेला असायचा. आणि सकाळी तेच सर कानामागं पावडर तशीच ठेवून शाळेत यायचे आणि झोपाळू पोरांना छडीनं जागं करायचे. वर विचारायचे, “रात्री कुठं कडमडला होतास रे?”

पुढं शहरातल्या मैफली सुरू झाल्या. मैफल सुरू होणे ही आमच्याकडं गाण्याहून जुनी आणि अवघड कला आहे. आधी सूत्रसंचालन. ते कन्नडमध्ये आणि मराठीत असं दोनदा होतं, त्यामुळं पाहुण्यांची ओळखही दोनदा होते. पहिल्या वेळी पाहुणे थोर असतात, दुसऱ्या वेळी आणखी थोर. मग दीपप्रज्वलन. समईच्या डोक्यावर पंखा. काडी विझते, दुसरी विझते, मेणबत्ती आणतात, ती विझते. “अरे, पंखा बंद करा की!” असा पुकारा होतो. पंख्याचं बटण कुठलं हे माहीत असलेला एकच इसम असतो आणि तो चहा सांगायला गेलेला असतो. मग पाहुणे माइकपुढं येऊन म्हणतात, “मला शास्त्रीय संगीतातलं काही कळत नाही.” इथं माणसानं थांबावं. पण जे कळत नाही त्याच्यावर ते अर्धा तास बोलतात. नंतर सत्कार. शाल, हार, फळांची करंडी आणि डोक्यावर म्हैसुरी पेटा. एवढं सगळं अंगावर घेऊन गवई बसतो तेव्हा तो गायला आलाय की त्याचं लग्न आहे हे कळत नाही. तोवर मघाशी लावलेले तानपुरे उतरलेले असतात. तानपुरा मिरजेचा, त्याचा भोपळा पंढरपूरकडचा आणि हवा बेळगावची. तिघांचं एकमत व्हायला आणखी वीस मिनिटं.

साडेआठला पोचत असल्यामुळं यातलं काहीच मला भोगावं लागलं नाही. मी आत शिरायचो तेव्हा गवई ‘सा’ लावत असायचा आणि लोक कावलेले असायचे. पिग्मीनं माझ्यावर एवढे उपकार केलेत हे मला कामातून मोकळा झाल्यावर कळलं, साडेसहाला जाऊन बसायला लागलो तेव्हा. आता सगळी भाषणं दोन्ही भाषांत ऐकतो.

गणपतीतले कार्यक्रम ही त्यातली वेगळी शिक्षा. भाद्रपदात बेळगावचा पाऊस म्हणजे थांबलाय असं वाटतं तेवढ्यात आठवण करून देणारा पाऊस. मंडपावर पत्रे. पाऊस आला की पत्र्यावर असा काही द्रुत तीनताल सुरू व्हायचा की तबलजी हात मांडीवर ठेवून ऐकत बसायचा. ओल्या हवेनं तबल्याचं कातडं सैल पडतं. चढवायचा, हातोडी मारायची, पुन्हा उतरतो. एकदा एका तबलजीनं वैतागून मंडळाच्या पोरांना शंभरचा बल्ब मागितला आणि तबला त्याच्याखाली शेकायला ठेवला. पोरांना वाटलं हाही कार्यक्रमाचा भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग लाइट गेली. अंधारात गायकानं माइकशिवाय मारवा धरला, आणि मी माझ्या आयुष्यात ऐकलेल्या गाण्यात ती दहा मिनिटं सगळ्यात वरची आहेत, हे इथं लिहून ठेवतो. कारण अंधारात पिशवी कोणाला दिसत नव्हती. लाइट आली तशी कर्ण्यातून जी कीss करून शिट्टी आली, ती मारव्याला कायमची चिकटली. आजही मारवा ऐकला की मला कानात बोटं घालावीशी वाटतात.

शेजारी कोण बसतो याला मैफलीत फार महत्त्व आहे. माझ्या शेजारी कायम गावचे मास्तर. रिटायर झालेत, गणित शिकवायचे. मास्तर ताल मोजतात. मनात नाही, माझ्या गुडघ्यावर. संथ, विलंबित एकताल असला तर ठीक, गवई द्रुत लयीला लागला की माझा गुडघा दुसऱ्या दिवशी जिने चढत नाही. यांच्यापेक्षा भयंकर जात म्हणजे राग ओळखणारे. गवयाचं तोंड उघडायच्या आत हे पुढच्या रांगेतून मागं वळून “पूरिया” म्हणतात. तो पूरिया नसून सोहनी निघाला की म्हणतात, “आज जरा वेगळाच लावलाय पूरिया.” एक गृहस्थ तर प्रत्येक ताने आधी “आता बघा हं” म्हणायचे, जणू तान त्यांनीच घरून डब्यात घालून आणली होती.

मध्यंतरानंतर चिठ्ठ्या सुरू होतात. आमचा सीमाप्रश्न 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. मैफलीत तो चिठ्ठ्यांवर असतो. डावीकडून चिठ्ठी येते, ‘एखादा अभंग होऊ दे’. उजवीकडून कोणीतरी उठून सांगतो, “ओंदु वचन हाडरी!” म्हणजे एक कन्नड वचन गा. गायक नवखा असला तर घामाघूम होतो. धारवाडकडचा मुरलेला असला की गालात हसतो आणि पुरंदरदासांचं पद काढतो. भाषा कन्नड, आणि शेवटी कवीची नाममुद्रा ‘पुरंदर विठ्ठल’. उजवीकडचे खूश, कारण शब्द त्यांचे. डावीकडचे खूश, कारण विठोबा पंढरपूरचा. “चलो हाड्यार्री!” (छान गायलात!) असं एकीकडून येतं, “वाss पांडुरंगा!” असं दुसरीकडून, आणि चिठ्ठ्या बंद होतात. न्यायालयाला हा मार्ग कोणी सुचवलेला दिसत नाही.

पण हे सगळं गवई नीट गायला तर. आणि तेच अवघड, कारण बाहेरचा गवई बऱ्याचदा मंडळाच्या सेक्रेटरींकडंच उतरतो; डिसेंबरात गावात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असलं की लॉजवर खोली मिळत नाही. तिथं सेक्रेटरीणबाई कुंदा, म्हणजे आमची दुधाची मिठाई, पुढं करतात. बेळगावात येऊन कुंदा नको म्हणणाऱ्याला आम्ही पाहुणा मानत नाही. दुपारी कुंदा, चारला पुन्हा कुंदा, वर मिरची भजी. संध्याकाळी पहिला आलाप खाकरण्यातच जातो, आणि राग ओळखणारे म्हणतात, “घराण्याची पद्धत आहे ती.”

हे सगळं मी सोसलं असतं. सोसलंही. पण माझ्या ऐकण्याचा खरा वैरी म्हणजे शेवटची बस.

येळ्ळूरची शेवटची बस सीबीटी स्टँडवरून दहाच्या सुमाराला सुटायची. आणि मैफलीची शेवटची भैरवीही बरोबर तेव्हाच. भैरवी खरं तर सकाळची, पण मैफल कधीही संपो, संपवायची तिनंच, असा रिवाज आहे. “आता भैरवीनं सांगता करतो,” असं गवई म्हणाला की सभागृहात एक उसासा उमटायचा आणि माझ्या पायात चप्पल सरकायची. मास्तर हात धरून म्हणायचे, “ओ, पहिलं आवर्तन तरी होऊ दे की!” पहिलं आवर्तन दारात उभं राहून, दुसरं जिन्यात, अंतरा उचलायला लागला की आम्ही रस्त्यावर पळत. मोठमोठ्या लोकांच्या भैरवीची सुरुवात मला तोंडपाठ आहे. शेवट कोणाचाच माहीत नाही. कोणी विचारलं, “काय, कशी झाली भैरवी?” तर मी म्हणतो, “सुरुवात छान होती.” बसमध्ये उरलेली भैरवी मास्तर म्हणायचे, पुढच्या सीटच्या दांडीवर ठेका धरून. कंडक्टर ओरडायचा, “यजमान्र, सीट मुरीब्याडरी!” म्हणजे सीट मोडू नका.

बायको म्हणायची, “अर्धवट जेवून उठतंय काय कोणी? जायचं तर पूर्ण ऐका, नाहीतर घरी भाजी निवडा.”

म्हणून एका वर्षी मास्तर आणि मी ठरवून मिरजेला गेलो, खाँसाहेबांच्या पुण्यतिथीच्या उत्सवाला. मीरासाहेबांच्या दर्ग्यात रात्रभर गाणं. परतीची गाडी पहाटेची, म्हणजे बसचा काटा मोडलेला. पिशवी मी मुद्दाम घरी ठेवली होती. दर्ग्याच्या आवारात भिंतीला टेकून बसलो. हात रिकामे, मांडी रिकामी, गायचं ते गातायत, हवा गार. आयुष्यात पहिल्यांदा मी तल्लीन रसिकांसारखे डोळे मिटले.

उघडले तेव्हा मास्तर चहाचा कप पुढं करून उभे होते. “भैरवी काय झाली ओ!” म्हणाले. “तुम्ही तर शेवटपर्यंत डोळे उघडले नाहीत. एवढं रंगलेलं तुम्हाला कधी बघितलं नव्हतं.” मी चहा घेतला. कुडची स्टेशन जाईपर्यंत काही बोललो नाही.

पुढं मी सेकंडहँड स्कूटर घेतली. बस गेली खड्ड्यात, आता भैरवी शेवटपर्यंत ऐकणार, असं सगळ्या गल्लीला सांगितलं. तर कायदा आडवा आला. उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा कर्णे बंद. नियम 2000 सालचा, पण आमच्या मंडपात तो पोचला तो सर्वोच्च न्यायालयानं 2005 मध्ये कान पिळल्यावर. आता पावणेदहाला विंगेत एक पोलीस येऊन उभा राहतो. गवई त्याच्याकडं बघून गातो. दरबारी हा मध्यरात्रीचा राग, तो साडेआठला उरकतात. समोर लोक चिरमुरे खातायत, पोरं फुगे फोडतायत, आणि दरबारी. भैरवी नऊ पन्नासला. मी खिशातल्या स्कूटरच्या किल्लीवर हात ठेवून ऐटीत बसलेला. अंतरा आला आणि दहा वाजले. माइक बंद. गाणारा माणूस मनाचा मोठा, त्यानं भैरवी तशीच पुरी केली. पहिल्या तीन रांगांनी ऐकली. मागं बसलेल्या मला तोंड हलताना दिसत होतं, आणि माझ्या गुडघ्यावर मास्तर सम दाखवत होते.

अलीकडं तानपुरेही फोनमध्ये गेलेत. बघायला वाईट वाटतं, पण उतरत नाहीत हे खरं. एका तरुण गायकानं फोन शेजारी ठेवला, तो छान गुंजत होता, आणि ऐन यमनात फोन आला. तानपुरा गप. स्पीकरवर सगळ्या सभागृहाला एका मुलीचा आवाज आला, “सर, पर्सनल लोनची रिक्वायरमेंट आहे का?” पाठीमागून कोणीतरी बोललं, “आहे म्हणा की!” पिग्मीतली निम्मी हयात गेल्यामुळं व्याजदर विचारायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

गेल्या हिवाळ्यात एका मंडळानं सकाळची मैफल ठेवली. बंद सभागृह, म्हणजे कायद्याची भीती नाही. सकाळची वेळ, म्हणजे बसचा प्रश्न नाही; पोरगा गाडीवर सोडून गेला. बायकोनं उपमा बांधून दिला आणि म्हणाली, “आज तरी पूर्ण ऐकून या, नाहीतर मला काय सांगू नका.” गायिका पुण्याकडच्या. ललत गायल्या, तोडी गायल्या. तोडीच्या द्रुतमध्ये मास्तर ताल मोजायचे विसरले, यावरून काय ते समजा. साडेदहाला त्यांनी भैरवीचं नाव घेतलं आणि मी मांडी नीट घालून बसलो.

तेवढ्यात सेक्रेटरी माइकपाशी आले. भैरवी झाली की लोक पळतात आणि आभार ऐकायला खुर्च्या उरतात, हा त्यांचा जुना अनुभव. म्हणून आभार आधी. पाहुणे, देणगीदार, साऊंडवाले, हारवाले, उपमा देणारे, गाडी देणारे, गाडी देणार होते पण दिली नाही ते, सगळे आले. मग कन्नडमध्ये पुन्हा आले. बाईंची नजर दर थोड्या वेळानं मनगटावर. मला ती नजर ओळखीची वाटली. त्यांची पुण्याची गाडी होती.

आभार संपले तेव्हा पेटीवाल्यानं पेटीचं झाकण आधीच निम्मं लावलेलं होतं. बाईंनी भैरवी उचलली, काय उचलली म्हणून सांगू, मास्तरांचा हात माझ्या गुडघ्यावरून आपोआप निघून त्यांच्या छातीवर गेला. अंतऱ्याच्या दारात त्या थांबल्या, कानाला हात लावला, नमस्कार केला आणि उठल्या. एक चप्पल पायात, एक हातात. सेक्रेटरी ओरडले, “अहो, तानपुरा धरा कुणीतरी!” सगळ्यात जवळ मी. मिरजेचा भला मोठा तानपुरा कवटाळून मी बाईंच्या मागून जिना उतरलो, रस्त्यावर आलो, रिक्षात तो आडवा घातला. त्यांनी आत बसता बसता मान बाहेर काढली. घाम आला होता बिचारीला.

“काका, घाई झाली हो फार. भैरवी कशी वाटली?”

“सुरुवात फार छान होती,” मी म्हटलं.